बाळ उशिरा बोलतंय, उशिरा चालतंय: कोल्हापुरात त्या घराला मदत कशी करावी

"बोलंल की! त्याचा बा तरी कुठं लवकर बोलला होता?" हे वाक्य आमच्या घरात अकरा महिने चाललं. एका डॉक्टरांनीही मुलगे उशिराच बोलतात म्हणून धीर दिला, आणि आम्हाला तेच ऐकायचं होतं. शेवटी मला हलवलं समोरच्या घरातल्या काकूंनी. सल्ला एकही दिला नाही. "सोमवारी मला सीपीआर दवाखान्यात जायचंच आहे, तूही चल, बाळाला घे," एवढंच म्हणाल्या. त्यांचं त्या दिवशी तिथं काहीच काम नव्हतं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

हा लेख अशा काकूंसाठी आहे. मामा, आत्या, आशाताई, अंगणवाडीच्या बाई, कामावरचा सहकारी, कुणीही त्या जागी असू शकतं. "दाखवून घ्या कुठंतरी" असं सांगणारे गल्लीत पन्नास असतात. पण त्या "कुठंतरी"चा पत्ता, दिवस, कागद आणि सोबत यांच्या अभावी घरं अडतात. घाई एवढ्याचसाठी की तिसऱ्या वर्षापर्यंत मेंदूची वाढ मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत पोचलेली असते. या काळात शिकवलेलं जितकं सहज रुजतं तितकं पुढं रुजत नाही.

आधी नीट बघा

बाळाच्या घरी माता बाल संरक्षण कार्ड असतंच. लसींचे शिक्के बघून आपण ते परत पिशवीत ठेवतो. त्यातच बाळानं कोणत्या महिन्यात काय करायला हवं, याची चित्रं आहेत. ती पानं उघडा.

ढोबळ खुणा अशा. तीन महिने झाले तरी आईकडं बघून हसत नाही. पाचव्या महिन्यात मान धरत नाही. दहाव्या महिन्यातही आधाराशिवाय बसत नाही. वर्षाचं झालं तरी हाक मारल्यावर वळत नाही. दीड वर्षात एकही शब्द नाही, पाऊल नाही, हवी ती वस्तू बोटानं दाखवणं नाही. दोन वर्षांत "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही. आणखी एक खूण लोक कौतुकानं सांगतात, "आमचं बाळ डावखुरं आहे." वर्षाच्या आतलं बाळ सगळं एकाच हातानं करत असेल, तर दुसरा हात कमी का चालतोय ते तपासायला हवं. आणि येत असलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलत होतं ते बंद झालं, तर पुढच्या आठवड्याचीही वाट बघू नका.

बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल तर हिशेब वेगळा. ४० आठवड्यांऐवजी ३२ व्या आठवड्यात जन्मलं, म्हणजे आठ आठवडे आधी. आज ते दहा महिन्यांचं असेल तर आठ महिन्यांचं धरून बघायचं. दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. पण म्हणून अशा बाळाच्या बाबतीत निवांत राहू नका. काचेत ठेवलेल्या बाळांना धोका जास्त असतो. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर महिन्याच्या आत व्हायला हवी, ती झाली का हे विचारा.

मग बोला, पण आईला एकटीला गाठून

सासू, जाऊ, पाहुणे यांच्या देखत हा विषय काढू नका. आई आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात असते. ग्रहणात बाहेर पडली होतीस का, गरोदरपणात मोबाइल किती बघितलास, सगळे प्रश्न तिलाच. त्यात तुमची भर नको. "मतिमंद", "मंद" हे शब्द तर नकोतच. निदान करायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही. बघितलं तेवढंच सांगा: "काल मी मागून तीनदा हाक मारली, त्यानं बघितलं नाही. कानाची एक तपासणी करून घेऊया का?" कानाची तपासणी म्हटलं की घर लवकर तयार होतं, हा माझा अनुभव. शिवाय ते खोटंही नाही, न बोलणाऱ्या मुलाचे कान सगळ्यात आधी तपासायचे असतात.

घरातला निर्णय घेणारा माणूस कोण, हे ओळखा. बऱ्याच घरांत ती आजी असते. आजी जोतिबाला नवस बोलली असेल तर वाद घालू नका. नवस राहू दे, सोबत केसपेपरही निघू दे.

जायचं कुठं

दोन वाटा आहेत. पहिली गावातूनच जाते. बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं असताना आशाताईंनी घरी येऊन बघणं अपेक्षित आहे. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांच्या तपासणीत वाढीतला उशीरही येतो. पथक येणार त्या दिवशी बाळ अंगणवाडीत असेल एवढं बघा. नेमकं त्याच दिवशी "त्याला काय कळतंय" म्हणून घरी ठेवलेली मुलं मी बघितली आहेत. पथकानं चिठ्ठी दिली की ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाइलला लावा.

दुसरी वाट थेट. पथकाची वाट बघत चार महिने घालवायची गरज नाही. भाऊसिंगजी रोडवरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये केसपेपर काढायचा आणि बालरोग विभागात जायचं. "मुलाच्या वाढीत उशीर वाटतोय, शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवा," असं स्पष्ट म्हणायचं. तिथं अनेक जण या केंद्राला डीईआयसी म्हणतात, तोही शब्द पाठ करून ठेवा. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, श्रवण आणि वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक ही माणसं एका छताखाली मिळावीत, यासाठी सरकारनं जिल्ह्याजिल्ह्याला ही केंद्रं ठरवली. नुसतं "बोलत नाही" म्हणून गर्दीच्या ओपीडीत उभं राहिलात तर टॉनिक लिहून मिळण्याची शक्यता बरीच.

गडहिंग्लज, आजऱ्याकडच्या लोकांना सुरुवात गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयातून करता येते, इचलकरंजीकरांना तिथल्या आयजीएम रुग्णालयातून. चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळ पडतं, तो तिकडंच जाणार आणि जावंही. फक्त तिकडचे सगळे कागद जपून आणावेत, सरकारी दाखल्यासाठी पुन्हा इकडं यायचं आहे.

त्या दिवसाची तयारी

माझ्या मते सगळा खेळ या दिवसावर असतो. पहिल्याच फेरीला घर दमलं, तर दुसरी फेरी होत नाही.

आदल्या रात्री पिशवी भरा: लसीचं कार्ड, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, जन्मदाखला, आईवडिलांचं आणि असेल तर बाळाचं आधार, रेशनकार्ड, या सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं का, कावीळ किती दिवस होती, झटके आले होते का, हे एका कागदावर लिहून घ्या. डॉक्टरांसमोर आईला काही आठवत नाही, मलाही आठवलं नव्हतं. घरात बाळ कसं खेळतं, कसं मागतं, याचे एक-एक मिनिटाचे दोन-तीन व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात ते रडणार, घरातलं खरं रूप तिथं दिसणार नाही.

सकाळची पहिली गाडी धरा. बाळाला भूक लागेल, तेव्हा भाकरी-दूध, केळं, जे खातं ते घ्या. रांगेत तुम्ही उभे राहा, आई आणि बाळ बाकावर. सोबत्याचं मुख्य काम हेच.

आता एक गोष्ट जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती. कानाची बेरा नावाची तपासणी लहान मुलाची झोपेत करतात. आमचं चिरंजीव एसटीत छान झोपलं आणि तपासणीच्या वेळी टक्क जागं! तारीख पुढं गेली. म्हणून बेराची तारीख असेल तर रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, वाटेत गप्पा मारत जागं ठेवा आणि तिथं पोचल्यावर पाजा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. कान आणि डोळे दोन्ही तपासायचे का? थायरॉइडची रक्ततपासणी झाली आहे का? रक्त कमी आहे का, बी-१२ कमी असू शकतं का? यातल्या काही गोष्टी वेळेत सापडल्या तर साध्या औषधानं सुधारतात. ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्र लवकरात लवकर लागायला हवं. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या यंत्रासाठी केंद्र सरकारची मदत मिळते, पण तिला पाच वर्षांची वयोमर्यादा आहे, तेव्हा दिवस मोजूनच चाला.

आणि शेवटचा प्रश्न, हा विसरू नका: "निदान व्हायचं तेव्हा होईल, आजपासून घरी काय करू?" थेरपी सुरू करायला आजाराचं नाव कळावंच लागतं असं नाही.

घरी काय

थेरपिस्टच्या समोर आठवड्यातून एखादा तास मिळतो. उरलेला आठवडा घराचा. फिजिओ किंवा स्पीचच्या ताई काय करून घेतात, ते त्यांना विचारून मोबाइलवर घ्या, म्हणजे घरी बाबा आणि आजीही तसंच करतील. वेगळा वर्ग भरवायची गरज नाही. आंघोळीत "हात, पाय, पोट" म्हणत पाणी ओता. शेंगा सोलायला बसवा, बोटं कामाला लागतात. कणकेचा गोळा द्या. आवडीची वस्तू डब्यात घालून झाकण लावा आणि मुलानं तुमच्याकडं बघेपर्यंत, हात पुढं करेपर्यंत थांबा. लगेच देऊन टाकलं तर त्यानं मागायचं कशाला?

बोलायचं मराठीतच, जी घरात आहे तीच. पुढं इंग्रजी शाळेत घालायचंय म्हणून न बोलणाऱ्या मुलाशी "कम, सिट" सुरू करणारी घरं वाढली आहेत. मूल भाषा शिकतं ती तिच्यात कुणी मनापासून बोललं तर, आणि आजीचं इंग्रजी आपल्याला ठाऊक आहे. मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की पहिल्या वर्षी पडदा अजिबात नको. जेवताना लावलेला मोबाइल बंद करणं पहिले चार दिवस जड जातं. त्या चार दिवसांत कुणीतरी संध्याकाळी घरी जाऊन भरवायला मदत केली, तर जमतं.

खासगी थेरपीला जाणार असाल तर वाचातज्ज्ञ आणि विशेष शिक्षकांकडं भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. मागायला लाजू नका, खरे लोक भिंतीवरच लावतात. "स्टेम सेलनं (मूळ पेशींनी) ऑटिझम म्हणजे स्वमग्नता बरी करतो" म्हणणाऱ्याकडं शेत गहाण ठेवून जाणाऱ्याला मात्र हाताला धरून थांबवा. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असं सांगितलं आहे.

कागदाचं काम

दिव्यांगत्वाचा दाखला म्हटलं की घर बिचकतं, मुलावर शिक्का बसेल म्हणून. समजावताना एवढं सांगा की बौद्धिक विकासात उशीर असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलाला "सर्वांगीण विकासात उशीर" असंच लिहून देतात. ते कायमचं नसतं, पाच वर्षांनंतर पुन्हा तपासतात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग रुग्णालयात तपासणी. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचे वार ठरलेले असतात, विचारूनच निघा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळं हालचालीत येणारी अडचण), बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय ही विमा योजना आहे. वर्षाला १ लाखापर्यंत मदत मिळते आणि त्यात थेरपीचाही खर्च काही मर्यादेत बसतो. पावत्या मात्र सगळ्या जपायच्या. शिवाय ग्रामपंचायतीनं, नगरपालिकेनं स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेत उठून "यंदा ते पैसे कुठं गेले?" हे विचारण्याचं काम तुमचं. त्या आईला तेवढी सवड नाही. मुलाचं वय वाढेल तसं शेंडा पार्कातल्या चेतना विकास मंदिरासारख्या शाळेत किंवा नसीमा हुरझूक यांनी उभ्या केलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डमध्ये एकदा जाऊन या, आपल्यासारखे पालक भेटतात.

अंगणवाडीनं अशा मुलाला "सांभाळता येत नाही" म्हणून परत पाठवू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची वेगळी कार्यपद्धतीच आणली आहे, तिचं नाव घेऊन बोला. सेविकेवर मात्र ओरडू नका, तिच्या डोक्यावर आधीच दहा रजिस्टरं आहेत.

हंगामात ऊसतोडीला आलेल्या, यंत्रमागावर बाहेरून आलेल्या कुटुंबांचं कार्ड गावाकडं राहिलेलं असतं. कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर असं बाळ दिसलं तर जवळच्या अंगणवाडीत नाव सांगा आणि त्यांच्या गावच्या आशाताईंचा नंबर मिळवून द्या. हंगाम संपून ते परत गेले की निदान तिथून पुढचं सुरू होईल.

आईकडंही बघा

रात्री तिला झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर लावून द्या. बाळाच्या थोरल्या बहिणीला रविवारी रंकाळ्यावर फिरवून आणा, त्या घरात तिच्याकडं बघायला कुणाला वेळ नसतो.

पहिल्या फेरीनंतर सगळे विसरतात ती दुसरी तारीख. केसपेपरवरून ती तुमच्या कॅलेंडरवर लिहून घ्या आणि आदल्या संध्याकाळी त्या घरी फोन करा. आठवण करून देत बसू नका. सरळ विचारा, "उद्या कितीच्या गाडीनं निघायचं?"