अवजड वाहतुकीचा डांबरी रस्ता मुदतीआधी खराब झाला, तर तपासणीला निघण्यापूर्वीची तयारी

न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर मार्गासारख्या रस्त्यावर चाकोऱ्या पडल्या की ओव्हरलोड गाड्यांवर खापर फोडले जाते. तपासणी पथकाने मात्र हा निष्कर्ष गृहीत धरून साइटवर जाऊ नये. आधी मूळ संकल्पनातील अपेक्षित वाहतूक, थरांच्या जाड्या, डांबराची प्रत आणि काम चालू असतानाचे प्रयोगशाळेचे अहवाल मिळवावेत.

त्यानंतर गाड्यांच्या आसांवरचा (ॲक्सलवरचा) भार प्रत्यक्ष मोजण्याची सोय करावी. केवळ गाड्या मोजून भागत नाही, कारण नुकसान आसभाराच्या साधारण चौथ्या घातानुसार वाढते आणि ८ टनांऐवजी १२ टनांचा आस गेला तर ते सुमारे पाचपट होते. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली; म्हणजे त्याआधी आखलेल्या रस्त्यावर नियमात बसणारा ट्रकही त्या आसामागे दीडपटीहून अधिक झीज करू शकतो. भरलेल्या आणि रिकाम्या गाड्यांच्या दिशा वेगळ्या नोंदवाव्यात, आणि ट्रेलर जिथे रांगेत उभे राहतात किंवा रांगत जातात ते पट्टेही नकाशावर दाखवावेत, कारण भार जितका वेळ टिकतो तितके तापलेले डांबर अधिक सरकते.

कोअर, म्हणजे रस्त्यातून यंत्राने कापून काढलेले दंडगोल नमुने, कुठे घ्यायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे. चाकाच्या पट्ट्यातला एक, दोन पट्ट्यांमधला एक आणि त्याच रस्त्याच्या शाबूत भागातले तेवढेच, अशी जोडी नसेल तर तुलनाच होत नाही. शाबूत भाग वगळण्याची पद्धत मला सर्वांत घातक वाटते. एक कोअर नेमका भेगेवर घ्यावा, म्हणजे भेग वरून खाली गेली की तळातून वर आली हे कापलेल्या बाजूवर दिसते. चाकोरीच्या कडेला उंचवटा आला असेल तर मिश्रणच सरकल्याचा संशय घ्यावा. चाकोरी रुंद आणि उथळ असेल तर भरावापर्यंत आडवा चर खणण्याची परवानगी आधीच काढावी, कारण कोणता थर दबला हे चरातच स्पष्ट दिसते.

पाण्यासाठी साईडपट्टी, गटारे आणि दुभाजकाची पाहणी शक्यतो पावसानंतर करावी. पिशव्या, लेबले, तापमापक, वाहतूक पोलिसांची मंजुरी आणि त्याच दिवशी भोके बुजवण्याचे साहित्य गाडीत असावे.