लग्नातली भाषणं: या चुका टाळा

मराठवाड्यातल्या लग्नात मुहूर्त टळतो तो बहुतेक वेळा माइकपाशी. पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटं छापलेली असतात, वऱ्हाड वेळेत आलेलं असतं, भटजी घाई करत असतात आणि ऐन वेळी शुभेच्छांची भाषणं सुरू होतात.

सगळ्यात मोठी चूक हीच, अक्षता वाटून झाल्यावर माइक पाहुण्यांच्या हाती देणं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. मांडवात म्हाताऱ्या बायका मुठीत अक्षता धरून बसलेल्या असतात, घामानं अक्षतांचा रंग तळहाताला लागतो, लेकरं पाण्यासाठी रडतात आणि स्टेजवर ‘दोनच शब्द’ संपत नाहीत. हिशेब करून बघा. आठ पाहुणे, प्रत्येकी ३ मिनिटं, झाली २४ मिनिटं. त्यात नाव पुकारणं, फेटा, शाल, फोटो धरा. पाऊण तास सहज जातो. म्हणून मंगलाष्टकांआधी भाषण नकोच. दोन्ही घरांच्या वतीनं एकानं दोन मिनिटांत स्वागत केलं की पुरे.

दुसरी चूक नावांच्या यादीची. ती पक्की नसली की जो तो निवेदकाच्या कानाशी लागतो, “आमच्या सरपंचांचं नाव घ्या.” एखादं राहिलं की रुसवा. आदल्या रात्रीच व्याह्यांसोबत बसून यादी करा. नावं सगळ्यांची वाचा, बोलायला दोघंच ठेवा. मुलीच्या आजोबांना चार शब्द बोलावेसे वाटले, तर मात्र पुढाऱ्याचा वेळ कापून त्यांना द्या.

नेते उशिरा आले तर? मंगलाष्टकं थांबवू नका. त्यांना पुढच्या रांगेत बसवा, सत्कार अक्षता पडल्यावर करा. ‘लग्न वेळेवर लागेल’ हा निरोप त्यांच्या माणसाला आदल्या दिवशीच द्या, म्हणजे कुणाचा मान दुखावत नाही.

भाषण लांबलंच, तर माइक बंद करू नका. घरातल्या एका वडीलधाऱ्यानं शाल-श्रीफळ घेऊन शेजारी जाऊन उभं राहावं. बोलणाऱ्याला कळतं.

संध्याकाळचं रिसेप्शन असेल, तर नवरा-नवरी स्टेजवर आल्याबरोबर दहा मिनिटांत भाषणं उरका, मग भेटायची रांग लावा. रांग लागल्यावर कुणी ऐकत नाही. शिवाय रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. दुपारच्या लग्नात पंगत बसली की माइक बंदच ठेवा. पाहुण्यांना शांतपणे जेवू द्या, गावाकडची शेवटची एसटीही गाठायची असते.