मँक्स वंशावळ शोधताना: आधी माहेर, मग शेत, नाव सगळ्यात शेवटी

जॉन केली, जॉन क्वेल, विल्यम ख्रिश्चन. आइल ऑफ मॅन या इंग्लंड आणि आयर्लंडमधल्या बेटाच्या (तिथलं ते मँक्स) पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्यांत ही नावं इतक्या वेळा येतात, की नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरून चालणाऱ्याची वंशावळ तिसऱ्या पिढीतच भलत्याच घरात शिरते. माझा जावई तिथला. (आडनाव लिहीत नाही, तो लाजरा आहे.) त्याच्या घराण्याचा माग मी काढला आणि तेव्हापासून कुणाची सोयरीक त्या बेटावर जुळली की फोन मला येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. माझी नोकरी भूमिअभिलेख खात्यातली, त्यामुळे पुरावा आधी आणि जिव्हाळा मागून, ही खोड जात नाही.

पहिली गोष्ट: आइल ऑफ मॅन हा युनायटेड किंगडमचा भाग नाही. त्याचं स्वतःचं कायदेमंडळ आहे, टिनवाल्ड, आणि जन्ममृत्यूचं दफ्तरही स्वतंत्र आहे. इंग्लंडच्या जन्मनोंदणीच्या सूचीत बेटावरचा जन्म कितीही शोधा, हाती काही लागायचं नाही. सरकारी नोंदणी सक्तीची झाली ती जन्म आणि मृत्यूसाठी 1878 पासून, लग्नांसाठी 1884 पासून. दाखले राजधानी डग्लसच्या नोंदणी कार्यालयातून मिळतात. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत.

बेटावर जुनी पॅरिश सतरा: मलू, आर्बरी, रशन, लोनन, ब्रॅडन, जर्बी, अँड्रियस वगैरे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नका, सनांत त्यांचा नेहमी घोळ होतो. पॅरिश कोणतं, शेताचं नाव काय आणि आजीचं माहेर कुठलं, एवढंच विचारा. या तिन्ही गोष्टी त्यांना पक्क्या आठवतात आणि पुढे त्याच कामाला येतात.

जनगणनेच्या याद्या 1841 पासून 1921 पर्यंत दर दहा वर्षांनी मिळतात. 1841 च्या यादीत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं बहुधा पाचच्या पटीत खाली ओढून लिहिलेली असतात, आणि कोण कुणाचा कोण हे लिहिलेलंच नसतं. म्हणून 1851 ची यादी शेजारी ठेवूनच ती वाचायची; 1851 मध्ये नातं आणि जन्माचं पॅरिश दोन्ही सापडतं. माणूस लिव्हरपूलला गेला असेल तर मात्र तिथल्या यादीत जन्मस्थानापुढे बहुतेक वेळा नुसतं बेटाचं नाव असतं. इंग्लंडमध्ये लोक ज्या 1939 च्या रजिस्टरवर (युद्ध सुरू होताना घेतलेल्या घरोघरच्या नोंदीवर) भिस्त ठेवतात, त्यात हे बेट नाहीच.

आता माहेराकडे वळू, कारण खरी किल्ली तिथे आहे. मँक्स बाईचं माहेरचं नाव लग्नाने पुसलं जात नसे. दफनाच्या नोंदीत, मृत्युपत्रात, थडग्याच्या दगडावर ते येतं, पुष्कळदा 'एलियस' (उर्फ) हा शब्द घालून: अॅन केली एलियस क्वेल. यातलं कोणतं नाव सासरचं आणि कोणतं माहेरचं, याचा क्रम लिहिणाऱ्यागणिक बदलतो, तेव्हा लग्नाची नोंद काढून ताडून बघा. जनगणनेत हीच बाई नवऱ्याच्या आडनावाने सापडते. ही रीत ठाऊक नसली की एकाच बाईच्या दोन बायका होतात आणि नवऱ्याचं दुसरं लग्न लागल्याचा शोध लागतो!

याच रीतीचा शोधताना फायदा करून घ्या. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मुलाचं नाव टाकण्याऐवजी त्याची चौकट रिकामी ठेवा, आईबापांची नावं आणि पॅरिश टाका. त्या जोडप्याची सगळी भावंडं एकदम समोर येतात. दोन बाप्तिस्म्यांमध्ये चारच महिन्यांचं अंतर दिसलं तर समजा, त्याच नावाचं दुसरं जोडपं गावात आहे.

आडनावांच्या स्पेलिंगवर फार जीव टाकू नका. पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. बरीच मँक्स आडनावं मुळात मॅकची. मॅक गळाला आणि त्याचा शेवटचा आवाज पुढच्या नावाला चिकटून राहिला. म्हणून क्वेल, क्विलियम, करमोड, कॉर्लेट अशी सगळी गर्दी क्यू, के आणि सी याच अक्षरांखाली झाली आहे. तिन्ही अक्षरांखाली शोधा, आणि शोधपेटीत मधल्या अक्षरांच्या जागी चांदणी (*) टाका.

माझा जीव मात्र मृत्युपत्रांत रमला. 1884 पर्यंत ती चर्चच्या न्यायालयांकडे होती. बिशपचं एक आणि त्याच्या हाताखालच्या आर्चडीकनचं एक अशी दोन न्यायालयं, त्यामुळे एका मालिकेत कागद नाही मिळाला तर लगेच हात टेकू नका, दुसरीही बघा. अगदी साध्या शेतकऱ्याचंही मृत्युपत्र सापडतं. नवरा हयात असताना बायकोने केलेलंही सापडतं, कारण घरच्या जंगम मालमत्तेत तिचा स्वतःचा वाटा असे. लोनन पॅरिशमधलं अठराव्या शतकातलं एक पान माझ्यासमोर आहे. थोरल्याला सहा पेन्स. लग्न झालेल्या मुलीला सहा पेन्स. धाकटीला गाय आणि अंथरूण. उरलेलं सगळं बायकोला. जावयाने वाचून विचारलं, "थोरल्याशी भांडण होतं का?" तसं काही नव्हतं. पुढे कुणी हक्क सांगू नये म्हणून कायद्यापुरते सहा पेन्स लिहायची चालच होती, आणि थोरल्याला शेत तसंही मिळणारच होतं. आपल्याला यातून मिळतं काय, तर हयात असलेल्या मुलांची यादी, तीही बापाच्या तोंडची. मुलं अज्ञान (वयाने लहान) असली तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला नेमलेल्या नातलगांची नावं मृत्युपत्राच्या जोडकागदांत बघा. बापाकडचे आणि आईकडचे दोन्ही तिथे भेटतात, म्हणजे माहेर पुन्हा हाती लागतं. पैशांचे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवा: 1840 पर्यंत ब्रिटिश शिलिंगाला 14 मँक्स पेन्स पडत.

शेताचा माग जमिनीच्या दोन दफ्तरांत लागतो. लिब्रि असेडेशनिस ही सारा देणाऱ्यांची यादी, आणि लिब्रि व्हास्टेरम हे सरळसरळ आपलं फेरफार रजिस्टर: जुन्या धारकाचं नाव जाऊन नवं चढलं की तिथे नोंद. माझ्यासारखीला तर माहेरी गेल्यासारखंच वाटलं. या मालिकेतल्या सर्वांत जुन्या याद्या 1511 च्या आहेत, आणि लिहिण्याचा क्रम पॅरिशवार. मोठ्या शेताला क्वार्टरलँड म्हणतात, माळरान कुंपण घालून लागवडीला आणलं तर इंटॅक. क्वार्टरलँड रूढीने थोरल्या मुलाकडे जाई, मुलगा नसेल तर थोरल्या मुलीकडे. म्हणजे शेताच्या धारकाचं आडनाव एकाएकी बदललं की विक्रीचा संशय घेण्याआधी कुणा मुलीचं लग्न शोधा. एकाच नावाच्या दोन जॉन केलींना वेगळं करायचं झालं तर माझ्या मते याहून पक्का पुरावा नाही. नाव तेच असलं तरी दोघांचा सारा वेगवेगळ्या शेतांवर चढलेला असतो. ही दफ्तरं डग्लसच्या मँक्स म्युझियमच्या ग्रंथालयात बघता येतात. तिथे जाताना पॅरिश आणि शेताचं नाव लिहून न्या, नुसतं आडनाव सांगून उपयोग नाही.

तारखांचं एक किरकोळ पथ्य. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नवं वर्ष 25 मार्चला लागे. फेब्रुवारी 1710 चा बाप्तिस्मा डिसेंबर 1710 च्या लग्नाच्या आधीचा वाटतो, पण तो नंतरचा असतो. उगाच आजीच्या पणजीवर आळ घेऊ नका.

खरोखरच लग्नाबाहेरचं मूल असेल आणि बापाचं नाव नसेल, तर चर्चच्या न्यायालयातल्या तक्रारींचे कागद चाळा. थॉमस विल्सन 1698 ते 1755 इतका काळ बिशप होते, आणि शिस्तीला भलतेच कडक. प्रायश्चित्त म्हणून पांढरी चादर पांघरून चर्चमध्ये उभं राहावं लागे. न ऐकणाऱ्याला पीलच्या किल्ल्यात कॅथेड्रलखालच्या तळघरात कोंडत. माणसांचे हाल झाले खरे, पण वहीत बापाचं नाव आलं.

बेटावर माग अचानक तुटला तर माणूस मेलाच असं धरू नका. 1820 च्या दशकात बरीच कुटुंबं अमेरिकेत ओहायोला, क्लीव्हलँडच्या आसपास जाऊन वसली. पुढे खाणकामगारही परदेशी गेले. अशा वेळी मँक्स वर्तमानपत्रं उघडा. आय-म्युझियमच्या संकेतस्थळावर जुने अंक शोधता येतात, आणि परदेशी वारलेल्या माणसाच्या बातमीत तो अमक्या शेतावरच्या तमक्याचा मुलगा, असं पुष्कळदा छापलेलं असतं. शोधपेटीत आडनावाऐवजी शेताचं नाव टाका.