नाशिकहून कॅम्परव्हॅनने पालघरचा किनारा: उन्हाळ्यातले गड आणि समुद्र कसे जुळवावेत

नाशिकच्या माणसाला उन्हाची सवय असते, आणि किनाऱ्यावर नेमकी तीच त्याला फसवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा अडतिसाच्या पुढे गेला तरी हवा कोरडी असते. घाम लगेच वाळतो, अंग थंड होते, रात्री वारा सुटतो. पालघरजवळच्या किनाऱ्यावर, केळव्याला पारा चौतीसच दाखवतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही. अंगातली उष्णता आतच साठत जाते आणि रात्रीसुद्धा उतरत नाही. म्हणून ही सहल अंतर पाहून आखू नका. भरती-ओहोटी आणि ऊन ही दोन वेळापत्रके आधी मांडा, मग त्यांच्यात गड, किनारा आणि गाडी बसवा.

मार्ग सोपा आहे. नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर आणि वाघोबा खिंडीतून पालघर-केळवे. पुढे महामार्गाने चारोटी, डहाणू, बोर्डी. परतताना डहाणू, कासा, जव्हार करत घरी. तीन रात्री हव्यात. दोन रात्रींत बसवायला गेलात तर एक चढाई हमखास भर दुपारी येते.

तारीख पंचांग पाहून ठरवा

किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजूनही कामाला येतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला ४ × पाऊण = ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा आहे. डहाणू-बोर्डीकडे वेळ पुढे सरकते, तेव्हा भरतीचे छापील कोष्टक किंवा बंदरावरचा कोळी, दोघांपैकी एकाकडून खात्री करून घ्या.

आता तिथी निवडा. केळव्याचा पाणकोट, म्हणजे समुद्रातला किल्ला, पायी पाहायचा असेल तर चतुर्दशी ते प्रतिपदा हे दिवस धरा. ओहोटी संध्याकाळी पावणेपाच ते सातच्या दरम्यान येते आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जाते. मुलांना पाण्यात खेळवायचे हा मुख्य हेतू असेल तर नवमी ते एकादशी बरी. तेव्हा भांगाची भरती असते, चढउतार कमी असतो आणि संध्याकाळी पाचनंतर पाणी हळूहळू किनाऱ्याकडे येत असते. उतरत्या पाण्यात, त्यातही खाडीच्या तोंडाशी, पोहणाऱ्यालाही उतरवू नका. तिथली ओढ माणसाला सरळ आत नेते. मे संपता संपता समुद्र खवळू लागतो, तेव्हा सहल मेच्या मध्याआधी उरकावी.

गाडीची तयारी

पाणी हा सगळ्यात जड हिशेब. चौघांना धुण्या-अंघोळीला काटकसरीने माणशी १५ लिटर धरले तर दिवसाला ६० लिटर लागतात. शंभर लिटरची टाकी जेमतेम दीड दिवस पुरते, आणि भरलेली टाकी म्हणजे शंभर किलो वजन. घाट उतरताना टाकी अर्धवट नको. आत हेलकावणारे पाणी वळणावर गाडीला एका बाजूला ओढते. एकतर पूर्ण भरा, नाहीतर रिकामी ठेवून पालघरला भरा. पिण्याचे वीस लिटरचे दोन जार वेगळे ठेवा आणि पट्ट्याने बांधा.

विजेचा हिशेब कागदावर करा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. लिथियम असेल तर त्यातले हजारभर वापरता येतात, साधी शिसे-आम्लाची असेल तर निम्मेच. फ्रिज सरासरी ३० वॉट घेतो असे धरले तरी दिवसाला ७२०. पंचवीस वॉटचे दोन पंखे दहा तास चालले की ५००. म्हणजे लिथियम बॅटरीही दिवसभरात संपते, तिला चालत्या इंजिनाचा किंवा सौर पॅनेलचा भरणा हवाच. एक टनाचा एसी हजार वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे तो तासभरही नीट चालणार नाही. रात्रीचा एसी हवा असेल तर मुक्कामाला १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेट आहे का हे फोनवरच विचारून घ्या. नसेल तर समोरासमोरच्या खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी लावून पंख्यावर झोपायची तयारी ठेवा. एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून कधीही झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद गाडीत झोपेतच जीव घेतो. गॅस सिलिंडर उभाच ठेवा आणि त्याच्या कप्प्याला तळाशी झरोका हवा, कारण गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो.

टायरची हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासा. घाटानंतर टायर गरम होऊन दाब वाढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडू नका.

दिवस पहिला: उतार आणि केळवे

पहाटे पाचला नाशिक सोडा. त्र्यंबकपुढे मोखाड्याकडे आणि जव्हारनंतर खाली घाट आहेत. भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा आणि ब्रेक दाबून धरण्याऐवजी थोडा थोडा मारा. ब्रेक सतत दाबला की लायनिंग तापते, पेडल मऊ पडते आणि ऐन वळणावर गाडी थांबत नाही. जळका वास आला तर सुरक्षित जागी अर्धा तास थांबा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका.

केळव्याला पोचल्यावर गाडी वाळूवर नेऊ नका. ओहोटीची वाळू वरून घट्ट दिसते, खाली ओली आणि भुसभुशीत असते. तीन-साडेतीन टनांची गाडी रुतली तर भरतीपर्यंतचाच वेळ हातात उरतो. सुरुबनाच्या कडेला चाक रुतलेच, तर ॲक्सिलरेटर ताबडतोब सोडा. चाक फिरत राहिले की गाडी आणखी खाली बसते. चाकापुढची वाळू उपसा, फळी किंवा काथ्याची चटई सरकवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर गावातला ट्रॅक्टर बोलवा.

मुक्काम घरगुती निवासाच्या आवारात, परवानगीने करा. जागा सपाट हवी आणि डोक्यावर नारळाचे झाड नको. पडलेला नारळ गाडीचे छत फोडतो. शौचालयाची टाकी निवासाच्या संडासातच रिकामी करा, वाळूत किंवा ओहोळात नाही.

पाणकोटाकडे पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरण्याच्या वेळेला परतीच्या वाटेवर असा. मध्ये चिखल आहे, तेव्हा पट्ट्याची घट्ट सँडल हवी. चपला चिखलातच राहतात. भुईकोट सुरुबनातच, वाळूत अर्धा गाडलेला आहे. तो पोचल्याच दिवशी, पाणकोटाआधी सावलीत पाहून होतो.

दिवस दुसरा: काळदुर्ग आणि शिरगाव

काळदुर्ग गडासाठी पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीत मंदिराजवळ गाडी लावा. माकडे फार आहेत, तेव्हा खिडक्या आणि छताचा झरोका बंद करूनच निघा. मेमध्ये पावणेसहाला उजाडते आणि तेव्हाच चढायला लागायचे. रमतगमत दीड तास वर, सव्वा तास खाली. साडेनऊच्या आत गाडीपाशी यायला हवे.

माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएसचे मोठे पाकीट विरघळवा. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुसते पाणी पीत राहिले की घामातून गेलेले मीठ भरून येत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात आणि डोके जड होते. खायला दशम्या, खारे शेंगदाणे, मनुका. दहीभात नको, उन्हात आंबतो.

उन्हाळ्यात चढापेक्षा उतार वाईट. वाळलेले गवत आणि सुटा मुरूम यांवरून पाय सटकतो, तेव्हा गुडघे किंचित वाकवून, आडवे पाऊल टाकत उतरा. दगडाला हात लावण्याआधी पाहा, कोकणात दगडाखाली फुरसे हा विषारी साप असतो. अत्तर, धूर, आरडाओरडा नको, कड्यांना आग्या मोहोळे असू शकतात. चूल किंवा शेगडी पेटवायची नाही. एका ठिणगीने अख्खा डोंगर वणव्यात जातो.

कुणी बरळायला लागला, तोल जाऊ लागला, अंग तापून लाल झाले, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

दुपार गाडीत नव्हे, निवासाच्या पडवीत काढा. पत्र्याची गाडी उन्हात भट्टी होते. पाचनंतर शिरगावचा किल्ला पाहा. तो किनाऱ्यालगतच आहे आणि तिथले फांद्या फुटलेले रावणताड खास थांबून पाहण्यासारखे आहेत.

दिवस तिसरा: अशेरी, मग बोर्डी

गाडी हलवायच्या दिवशीची चढाई म्हणून अशेरी बसते, कारण तो मनोरच्या उत्तरेला महामार्गालगत आहे. पायथा खोडकोना गाव. केळव्याहून साडेचारला निघा आणि गाडी गावात, विचारून लावा. हा गड काळदुर्गापेक्षा मोठा, येऊन-जाऊन पाच तास धरा. वरच्या खडकाळ टप्प्यात लहान मुलांना मोठ्यांच्या मध्ये ठेवा. पोर्तुगीजांच्या ताब्यात होता त्या काळातला मुकुट कोरलेला दगड दरवाजाच्या वाटेवर दिसतो. माथ्यावर पाण्याची टाकी आहेत, पण मेमध्ये त्यांच्या भरवशावर चढू नका.

बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी दूरवर जाते. पाण्यापर्यंत चालत जायचे तर परतीचे अंतर लक्षात ठेवा, सपाट किनाऱ्यावर भरती बाजूने आणि मागूनही भरते. घोलवड-बोर्डीच्या वाडीतल्या गल्ल्यांत झाडांच्या फांद्या खाली असतात. गाडीची उंची मोजून चालकासमोर चिकटवून ठेवा. ताडगोळे इथे पोटभर खा. नीरा मात्र सकाळी लवकरची, ऊन चढले की ती आंबून ताडी होते.

दिवस चौथा: बहरोट आणि परतीचा चढ

बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरातल्या लेण्यांत पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी इराणशाह लपवून जपला होता. तोच आज उदवाड्याला आहे. लेण्यांत आजही भाविक येतात, तेव्हा आवाज आणि खाणेपिणे बाहेर ठेवा. पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्या, गवत वाळले की ढोरवाटा आणि खरी वाट सारख्याच दिसतात. इथेही दहाच्या आत खाली.

परतीला घाट चढायचा असतो, म्हणून दुपारी चारनंतरच निघा. चढावर एसी बंद ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष असू द्या. तो वर सरकला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन दोन-तीन मिनिटे चालू ठेवा, मग बंद करा. रेडिएटरचे झाकण तासभर उघडू नका, उकळते पाणी तोंडावर उडते. नाशिकला पोचल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. चाकांच्या आतली बाजू, सायलेन्सरचे कंस आणि दारांच्या खालच्या कडा सोडू नका, मीठ आणि वाळू तिथेच बसते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत गंज तिथूनच लागतो.