कॉर्डलेस हॅमर ड्रिल घेताना आधी भिंत बघा

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत दगडी भिंती, तर नव्या फ्लॅटमध्ये विटा आणि काँक्रीटचे बीम. साधं हॅमर ड्रिल विटेत 6 किंवा 8 मिमीचं भोक सहज पाडतं. बीमवर मात्र ते नुसतं थरथरतं आणि बिटचं, म्हणजे भोक पाडणाऱ्या सळईचं, टोक जळतं. कारण त्याचा ठोका दोन दातेरी चकत्या घासून येतो, म्हणून हलका. दगड-काँक्रीटचं काम वारंवार निघत असेल तर रोटरी हॅमरच घ्यावं, म्हणजे आतल्या पिस्टनने जोरदार ठोका देणारं यंत्र; त्याला खाचांनी अडकणारं एसडीएस प्लस बिट लागतं.

घरकामाला 18 व्होल्ट, 13 मिमी चक (बिट पकडणारा जबडा), ब्रशलेस मोटर (घासून झिजणारे कार्बन ब्रश नसलेली). खोक्यावरच्या ‘20 व्होल्ट मॅक्स’ला भुलू नका, आत 18 व्होल्टवालेच पाच सेल, फक्त पूर्ण चार्जचा आकडा छापलेला. 2 अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या एका मोठ्या बॅटरीपेक्षा सोयीच्या, हातही कमी भरून येतो. साइड हँडल हवंच. बिट अडकलं की मनगट पिरगळतं. टाइल फोडायची नसेल तर ती पार होईपर्यंत ड्रिलचा ठोका (हॅमर मोड) बंद ठेवा.

मे महिन्यात इथे पारा 45 पार करतो. तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, आधी सावलीत निवू द्या.