वावधन सुटायच्या आत : एप्रिल-मेमधली परीक्षेची ड्युटी

खानदेशातला अवकाळी पाऊस बहुतेक वेळा आपली वेळ पाळतो. सकाळी आभाळ कोरडं, दुपारी पारा ४२-४४ वर, मग वारा एकदम पडतो, अंगाला चिकचिक सुटते आणि तीन ते सहाच्या दरम्यान मातकट आभाळ चढून वावधन, म्हणजे वादळ, सुटतं. नेमकी तीच दुपारच्या पेपरची वेळ. म्हणून या दोन महिन्यांत प्राध्यापकाने दिवस पुढे ओढून घ्यावा. ज्याला वीज लागते, कोरडा कागद लागतो किंवा मोकळा रस्ता लागतो, ते काम दुपारी एकच्या आत उरकावं.

हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा सकाळी पाहिला म्हणून भागत नाही. तासातासाला बदलणारं चित्र ‘नाऊकास्ट’मध्ये दिसतं, पण ते पुढच्या तीनेक तासांपुरतंच असतं, त्यामुळे साडेबाराला पुन्हा पाहावं. आभाळातल्या विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. ते अनेकांनी घेतलेलं असतं, पण लोकेशनची परवानगी न दिल्याने ते गप्प बसतं. शिवाय वर्गात सुपरवायझरकडे मोबाइल नसतो. परीक्षेच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या एकाकडे हे काम सोपवावं आणि इशारा आला की शिपायाने प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे पेपर चालू असलेल्या खोलीला, जाऊन सांगायचं, हे आधीच ठरवून ठेवावं.

प्रश्नपत्रिका ऑनलाइन येऊन केंद्रावरच छापायची असेल, तर सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. २४० विद्यार्थी आणि चार पानांचा पेपर म्हणजे ९६० पानं. मिनिटाला ३० पानं काढणाऱ्या प्रिंटरला सरळ ३२ मिनिटं, कागद अडकला तर पाऊण तास. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर लावू नये. त्यातला तापणारा भाग एका झटक्यात हजार वॅटच्या आसपास ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो. यूपीएस संगणकाला आणि राउटरला, प्रिंटर जनरेटरच्या लाइनवर. जनरेटर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवून पाहावा. टाकीत डिझेल असतं आणि सेल्फची बॅटरी बसलेली असते, हा प्रकार हमखास पेपरच्या दिवशीच कळतो. फोनच्या इंटरनेटवर भिस्त ठेवायची तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवावीत. वीज जास्त वेळ गेली की टॉवरही बंद पडतो.

इन्व्हर्टरचा हिशेब कागदावर मांडून ठेवावा. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली घट धरता हाती हजार-बाराशेच लागतात. २० वॅटच्या दहा ट्यूब लावल्या तर पाच तास निघतात. त्यावर ७५ वॅटचे चार साधे पंखे चढवले की दोन तासांतच अंधार. वादळानंतर हवा गार झालेली असते, पंखे बंद करायला हरकत नसते. उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी लवकर आटतं, महिन्याला पातळी पाहावी आणि भरायचं तर डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं पाणी घालून घालून मारलेल्या बॅटऱ्या कमी नाहीत.

आता ब्लॉक. पावसाच्या आधी येते ती धूळ आणि वारा. पहिल्या झोतातच कागद उडतात. त्यामुळे पेपर सुरू होण्याआधी सुपरवायझरने वाऱ्याकडच्या खिडक्यांची एकेक कडी हाताने लावून पाहावी. निम्म्या कड्या चौकटीत बसत नाहीत. त्यांना सुतळीने बांधावं. फुटक्या तावदानाशेजारचे बाक मोकळे ठेवावेत. हजेरीपट, पुरवण्या आणि शिल्लक उत्तरपत्रिका टेबलावर उघड्या न ठेवता झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवाव्यात. डबा नसेल तर निदान दगड तरी. विद्यार्थ्यांना आदल्या दिवशीच सांगावं : बॉलपेन आणा. त्याची शाई तेलकट असते, पाण्याने सहसा पसरत नाही. जेल पेनची आणि शाईच्या पेनाची ओळ बऱ्याचदा दोन थेंबांत फुटते.

गडगडाट ऐकू आला की लखलखाट आणि आवाज यांतले सेकंद मोजावेत. तीनने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये. तीस सेकंद म्हणजे सुमारे दहा किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरावरची वीज धोक्याचीच. स्लॅबच्या इमारतीत मुलं सुरक्षित असतात. फक्त लोखंडी गजांना टेकून बसलेल्यांना आत सरकवावं. खरी अडचण पेपर सुटल्यावर होते. मुलं पत्र्याच्या पार्किंगकडे किंवा निंबाखाली पळतात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास त्यांना व्हरांड्यात थांबवून धरावं. बस चुकेल म्हणून कुरकुर होईल, होऊ द्यावी.

वीज गेली, पाऊस आत आला, लिहिणं थांबलं, तर वाढीव वेळ ब्लॉकमधल्या सुपरवायझरने आपल्या मनाने देऊ नये. लिहिणं किती वाजता थांबलं, किती वाजता पुन्हा सुरू झालं, कोणत्या ब्लॉकमध्ये, किती जण, एवढं लगेच लिहून केंद्रप्रमुखांकडे पाठवावं. ते विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला कळवून निर्णय घेतात. नंतर आठवून लिहिलेल्या वेळा दोन सुपरवायझरांच्या कधी जुळत नाहीत आणि सगळं प्रकरण तिथेच अडकतं.

उत्तरपत्रिका भिजलीच तर घाई करू नये. ओली पानं लगेच सुटी करायला गेलं की कागदाचा पापुद्रा अक्षरांसकट निघतो. आधी पुस्तिका आडवी ठेवून पाणी निथळू द्यावं, अर्धवट सुकल्यावर दर चार-पाच पानांत कोरा कागद घालावा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. मग सावलीत, पंख्याच्या कमी वेगावर, तीन-चार तास. उन्हात ठेवली तर पानं वाकडी होतात. इस्त्री तर अजिबात फिरवू नये : बारकोड थर्मल छपाईचा असला तर तो उष्णतेने काळा पडतो. बारकोड पुसायचा नाही, कोरड्या कागदाने नुसता टिपायचा. बैठक क्रमांक लिहून, दोन सह्यांचा अहवाल जोडून ती वेगळ्या पाकिटात द्यावी. बाकी गठ्ठ्यात घातली तर शेजारच्या चार ओल्या होतात. कापडी गठ्ठे सील केल्यावर जाड प्लास्टिकमध्ये, आणि कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा या दिवसांत रिकामा.

प्रात्यक्षिकं सकाळच्या बॅचमध्येच घ्यावीत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक्झॉस्ट बंद पडला की अमोनिया किंवा क्लोरीनसारखे वायू निघणारे प्रयोग तिथेच थांबवावेत. आभाळ चढू लागलं की संगणक लॅबमध्ये नुसतं बटण बंद करून उपयोग नाही, मेन प्लग काढावेत, आणि राउटरची बाहेरून येणारी वायरही. विजेचा झटका त्या वाटेनेही येतो. वीज परतली तरी दहा मिनिटं काही लावू नये, व्होल्टेज खालीवर होत असतं.

अप-डाऊन करणाऱ्यांनी एक गाडी हातची राखूनच निघावं. सुरत–भुसावळ मार्गावर ओव्हरहेड वायरवर फांदी पडली की अमळनेर, धरणगाव, सगळीकडचे लोक एकदमच अडकतात. दुचाकी गुलमोहराखाली लावू नये, त्याची फांदी ठिसूळ. गारा लागल्या तर हेल्मेट न काढता पक्क्या छपराखाली थांबावं. घरी परतल्यावर कूलरची पाण्याची मोटार बंद ठेवून नुसता पंखा चालवावा. पावसानंतरच्या दमट हवेत पाणी सोडलं की खोली गार होत नाही, ओली मात्र होते.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी अंतर्गत चाचणीला रावेर-यावलकडची पाच-सात मुलं दिसणार नाहीत. केळी आडवी झालेली असते, कांदा झाकायचा असतो, तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला यायचे असतात. त्यांना गैरहजर मांडून मोकळं होऊ नये. त्याच आठवड्यात नियमात बसणारी फेरचाचणी लावावी, पंचनाम्याची प्रत मिळेल तेव्हा फाइलला जोडावी. तारीख मात्र आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लागून ठेवू नये. वर्ग पुन्हा रिकामा राहतो आणि तिसरा पेपर काढायची वेळ येते.