क्रशरची धूळ: तोफ परत केली, नोझल बसवले

कोल्हापूरजवळ आमचा खडीचा क्रशर आहे. गेल्या उन्हाळ्यात शेजारचे आबा उसाच्या वाड्याची पेंढी घेऊनच आले. पानावर बोट फिरवलं तर राखाडी रेघ उठत होती. म्हणाले, "म्हशी तोंड लावंनात बघा याला." फार वाईट वाटलं.

टँकरने पाणी मारायचो, पण त्याने फक्त रस्त्यावरची धूळ बसते. मग धुक्याची तोफ, म्हणजे पंख्याच्या जोराने पाण्याचे बारीक तुषार लांब फेकणारं यंत्र, भाड्याने आणली. उघड्या ढिगाऱ्यावर ती चांगली चालते. आमच्याकडे मात्र दुपारचा वारा सगळं धुकं उडवून न्यायचा.

शेवटी एक दिवस नुसता उभा राहून बघितलं. धूळ उठत होती ती दगड फोडणाऱ्या जबड्याच्या तोंडाशी, चाळणीवर आणि एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर खडी पडते तिथे. तिथेच पत्र्याचं झाकण घातलं, रबरी पडदे सोडले आणि आत पाणी फवारणारे बारीक नोझल लावले. थेंब जाड असला तर बारीक धूळ हवेबरोबर त्याला वळसा घालून निसटते. थेंब साधारण धुळीच्या कणाएवढा असला तरच ती त्याला चिकटून खाली बसते.

आठवड्यात अर्धे नोझल बंद! बोअरच्या पाण्याचे क्षार. पंपाआधी फिल्टर बसवला, आणि दर रविवारी नोझल काढून व्हिनेगरमध्ये भिजवतो. पाणी जास्त झालं की ओल्या भुकटीने चाळणी बुजते, म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा व्हॉल्व्ह ठेवलाय. कामगारांचे मास्क चालूच आहेत, ते काढायचे नाहीत.

आबांची पेंढी परवा मीच झटकून बघितली. हाताला काही लागलं नाही.